निम्मेसाहेब जमीन बघतात

निम्मेसाहेबांनी निवृत्तीनंतर खेड्यात जाऊन शेती करायचं नक्की केलं, तेव्हा एकच किरकोळ प्रश्न शिल्लक होता. कुठल्या खेड्यात? राहतं घर विकून झालं होतं. चौथ्या मजल्यावरचा तो फ्लॅट एका नव्या जोडप्याने पहिल्याच भेटीत पसंत केला आणि महिनाअखेरीला ताबा देतो, असा शब्द साहेबांनी हातातला चहा संपायच्या आत देऊन टाकला. आधी जागा बघतात आणि मग घर विकतात, हे इमारतीतल्या प्रत्येकाने त्यांना नंतर समजावून सांगितलं. त्यावर साहेबांचं उत्तर तयार होतं. मागचं दार लागल्याशिवाय माणूस पुढे बघत नाही, असं ते म्हणत. हे त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की शेवटी त्यांच्या पत्नीने, म्हणजे इमारतीच्या काकूंनी, पुढे बघून झालं असेल तर सामान बांधायला खोकी आणा, असं सांगितलं.

निम्मेसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं आडनाव नव्हे. ते विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करत. कुणाचं दुकान जळालं, कुणाच्या गोदामात पाणी शिरलं की साहेब जात, सगळं शांतपणे ऐकून घेत आणि निम्मं लिहीत. यात दुष्टपणा अजिबात नव्हता. नुकसान झालेला माणूस नेहमी दुप्पट सांगतो, हा त्यांचा अनुभव होता आणि तो बहुतेक वेळा बरोबर निघे. कचेरीतल्या लोकांनी त्यांना हे नाव ठेवलं, ते त्यांना माहीत होतं, आणि आपल्याला ते माहीत नाही असं ते लोकांना भासवत.

सवय अशी जडली की ती घरीही यायची. मुलीला ताप आला की साहेब थर्मामीटर उजेडात धरून मनाशी काहीतरी वजाबाकी करत. शेजाऱ्यांच्या मुलाला परदेशात मोठी नोकरी लागली, तर साहेब ती मनातल्या मनात जवळच्या शहरात आणून ठेवत, मध्यम पगारावर. काकूंचे गुडघे दुखत. इमारतीला लिफ्ट नव्हती. ‘अहो, फार दुखतात’ असं काकू म्हणाल्या की साहेबांना ते ‘जरा दुखतात’ असं ऐकू येई. त्यांनी लगोलग मलमाची ट्यूब आणली होती, लहान आकारातली.

अलीकडे काकू अगदी गरज असल्याशिवाय खाली उतरेनाशा झाल्या होत्या. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून खिडकीपर्यंत वर यायची आणि मैत्रिणींशी गप्पा त्याच खिडकीतून, ओरडून व्हायच्या, त्यामुळे काकूंची कुठलीच गोष्ट इमारतीत खासगी उरली नव्हती. शेतीचं खूळ नवऱ्याच्या डोक्यात शिरलं तेव्हा सगळ्यांना वाटलं काकू विरोध करतील. काकू लगेच हो म्हणाल्या. त्यांची अट एवढीच होती.

“प्रदेश कुठला ते तुम्ही ठरवा. मला त्यातलं कळत नाही. फक्त दार उघडलं की माझा पाय जमिनीवर पडला पाहिजे.”

साहेबांनी मान डोलावली आणि ही अट निम्मी लक्षात ठेवली.

बातमी फुटताच जिन्यात सल्लागार जमू लागले. दुसऱ्या मजल्यावरच्या भूगोलाच्या मास्तरांना निवृत्त झाल्यापासून भूगोलाबद्दल कुणी काही विचारलं नव्हतं. ते नकाशाची गुंडाळी घेऊनच वर आले. नदीकाठचा गाळाचा प्रदेश, डोंगरउताराचा प्रदेश आणि कोरडं पठार, असे तीन पर्याय त्यांनी पट्टीने दाखवले, प्रत्येकाचे गुणदोष सांगितले आणि यांतल्या एकाही ठिकाणी आपण कधी गेलेलो नाही, हे शेवटी प्रामाणिकपणे सांगून टाकलं. पहिल्या मजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरांचं म्हणणं होतं की जमीन बघूच नये. तिथल्या लोकांचे दात बघावेत, पाणी कसं आहे ते आपोआप कळतं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी प्रदेश कुठलाही चालेल असं उदार मत दिलं आणि जाण्याआधी साहेबांची गाडी लावायची जागा आपल्याला मिळेल का, ते विचारून घेतलं. गावोगाव भरपूर लोक शेतात राबत असताना त्यांतल्या एकालाही विचारायचं मात्र कुणालाच सुचलं नाही.

साहेबांनी सरकारी सल्लाही घेतला. कृषी कचेरीतल्या गृहस्थांनी आधी मातीचा नमुना मागितला. कुठल्या मातीचा, असं साहेबांनी विचारलं. जी जमीन घेणार तिथल्या मातीचा. ती कुठली घ्यावी हेच विचारायला आलोय, असं साहेब म्हणाले. गृहस्थांनी त्यांना खुर्ची दिली आणि नीट समजावलं, की आधी जमीन घ्यायची, मग तिची माती आणायची, मग ती घ्यावी की नाही ते कचेरी लेखी कळवते. साहेबांच्या स्वाभिमानाला हे लागलं. त्यांनी घरी येऊन गॅलरीतल्या कुंडीतली माती पुडीत भरली आणि नेऊन दिली. आठवड्याने अहवाल आला. जमीन शोभेच्या झाडांसाठी उत्तम असून क्षेत्र वाढवावे, असं त्यात लिहिलं होतं.

शेवटी साहेबांनी ठरवलं की उगाच इतरांना विचारत बसण्यापेक्षा आपण स्वतः पाहणी करावी. पाहणी हा शब्द मनात येताच त्यांचा चेहरा उजळला. कपाटातून अनेक खिशांचं नोकरीतलं जाकीट निघालं, मोजपट्टी निघाली, बॅटरी निघाली, भिंग निघालं. काकूंनी डबा भरला. जागा आधी बघायचीच म्हणून कठडा धरून त्याही जिना उतरल्या, पण आपण जमीन बघायला चाललोय की धाड घालायला, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

पहिली फेरी नदीकाठच्या गावी झाली. तिथे आदल्या हंगामात पूर येऊन गेला होता आणि भरपाईसाठी कुणीतरी साहेब पाहणीला येणार, असं गाव तेव्हापासून ऐकून होतं. जमिनी दाखवणाऱ्या एजंटाच्या जीपमधून निम्मेसाहेब उतरले. उतरल्यावर त्यांनी काय करावं? त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही की कुणाचं नाव विचारलं नाही. समोरच्या घराच्या भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली, किल्लीने चुना खरवडला, त्याचा वास घेतला आणि ‘हं’ म्हणाले. मग जमलेल्या मंडळींकडे वळून त्यांनी तेच सांगितलं, जे ते आयुष्यभर सांगत आले होते.

“चालू द्या तुमचं. मी फक्त बघतोय.”

गाव काय समजायचं ते समजलं. माणसं पांगली आणि थोड्याच वेळात वेगळ्या चेहऱ्यांनी परत आली. साहेबांना कुजलेल्या मक्याचा ढीग दाखवण्यात आला. पडलेली भिंत दाखवली, मग तीच भिंत दुसऱ्या बाजूने, दुसऱ्या मालकाची म्हणून दाखवली. एका ओसरीवर खाटेवर निजवलेले म्हातारबुवा कण्हत होते. साहेब जवळ गेले तसे ते जास्त कण्हू लागले आणि साहेब पुढे गेल्यावर उठून बसले. अंगणात गवताची एक मोठी गंजी होती. तिला ट्रॅक्टरसारखा आकार होता आणि खालून चाक दिसत होतं. साहेबांनी भिंग काढून चाक बघितलं. टायर नवा होता.

साहेबांच्या अंगात उत्साह संचारला. इतकं व्यवस्थित मांडलेलं नुकसान त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. गाव निम्मं बुडालं असेल तर निम्मं चांगलं आहे, असा हिशेब त्यांनी परतीच्या बसमध्ये काकूंना सांगितला. काकू तेवढा वेळ एका घरातल्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या, कारण बाहेर कण्हणाऱ्यांची गर्दी झाली होती.

“ते तुम्हाला भरपाईवाले साहेब समजले,” काकू म्हणाल्या. “आतल्या खोलीत चांगला मका गाद्यांखाली लपवलाय. मला त्याच गाद्यांवर बसवलं होतं.”

“असं कसं समजतील? मी जमीन बघायला आलोय, हे एजंटाने सांगितलं असणार.”

“एजंट पहिला म्हणाला, साहेब आले.”

आपल्या चेहऱ्यावर आयुष्यभराची नोकरी छापलेली आहे, हे कळणं कुणालाही आवडत नाही. शिवाय काकूंना पुराचं पाणी नक्की कुठपर्यंत चढलं होतं तेही स्वयंपाकघरात कळलं होतं. ज्या घरात पूर येत नाही ते टेकाडावर होतं आणि तिथे चढून जावं लागे. नदीकाठ बाद झाला.

डोंगरावरच्या गावी उलटा प्रकार झाला. तिथे रस्ता रुंद होणार अशी वार्ता होती आणि रस्त्यात ज्याचं जे जाईल त्याचा मोबदला मिळणार होता. साहेब जाकीट घालून, मोजपट्टी हातात धरून उतरले, म्हणजे गावाच्या दृष्टीने रस्ताच उतरला. मोजपट्टीचं एक टोक धरायला लगेच तिघे पुढे आले. त्यांनी पट्टी इतकी ताणून धरली की गोठा, शेजारचा गोठा आणि मधला बोळ हे मिळून एक घर भरलं. एका शेतात त्याच सकाळी फळझाडांची रोपं लावली होती. साहेबांनी कौतुकाने एका रोपाला हात लावला तर ते हातातच आलं. ती फांदी होती, मुळं नव्हती. ‘अजून लहान आहे’, असं मालकाने सांगितलं आणि ती साहेबांच्या हातातून घेऊन परत रोवली.

या गावची विहीर झाकलेली होती. पाणी इतकं आहे की झाकण काढलं तर अंगावर येईल, असं सांगण्यात आलं. साहेबांनी तिथल्या तिथे निम्मं धरलं, आणि निम्मं पाणीसुद्धा बागेला पुष्कळ होतं. त्यांच्या डोळ्यांपुढे मोसंब्यांची बाग उभी राहिली. ते आनंदाने खाली आले, कारण घर वर होतं आणि काकू खालीच दगडावर बसल्या होत्या. पायवाटेच्या पायऱ्या बघूनच त्यांनी वर येण्याचा नाद सोडला होता. तिथे वाटाणे सोलत बसलेल्या एका बाईने त्यांना सांगितलं होतं की झाकणाखाली विहीर नाहीच, खणायला सुरुवात केली आणि खडक लागला.

“पण जागा छान आहे,” साहेब म्हणाले. “पायऱ्या आहेत थोड्या.”

काकूंनी त्या पायऱ्यांकडे बघितलं आणि मग नवऱ्याकडे बघितलं. त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या की तुम्ही इथे राहा, मी येऊन जाऊन असेन. हे त्या गमतीने म्हणत नव्हत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा साहेबांना एक वाक्य पूर्ण ऐकू आलं आणि ते अस्वस्थ झाले. एजंटाला इसार देण्यासाठी काढलेलं पाकीट त्यांनी परत खिशात ठेवलं. जाताना एका शेतकऱ्याने त्यांना बजावलं की मागच्या खेपेला आलेले साहेब जास्त मोठ्या मनाचे होते.

महिना संपत आला. नवं जोडपं पडद्यांची मापं घ्यायला येऊन गेलं. जाताना त्या मुलीने काकूंना विचारलं की तुम्ही कुठे जाणार आहात, आणि अजून ठरायचंय, असं काकूंनी सांगितलं तेव्हा ती बिचारी ओशाळली. घर खोक्यांनी भरलं होतं. नदीकाठ गेला, डोंगर गेला, आता पठार राहिलं. तिथेही नाही जमलं तर जावयाकडे राहायला जावं लागणार होतं. जावयाचं घर सहाव्या मजल्यावर होतं. तिथे लिफ्ट होती, पण ती साहेबांसारखीच निवृत्त झालेली होती.

या खेपेला सूत्रं काकूंनी हातात घेतली. जाकीट खोक्यात गेलं, मोजपट्टी गेली, भिंग गेलं. साहेबांना जावयाने सोडलेला एक टी-शर्ट घालायला मिळाला. त्यावर एक हसरा मासा होता. साहेबांना बसमध्ये फार उघडंबोडकं वाटत होतं आणि ते सारखे हाताची घडी घालून मासा झाकत होते.

पठारावरचा मालक वयस्कर होता. मुलाकडे राहायला जायचं म्हणून जमीन विकायला काढली होती. माशाकडे बघून तो हसला, त्याने खुर्च्या टाकल्या आणि न विचारताच सांगायला सुरुवात केली.

“घर चांगलं आहे. घरापाठची पट्टी आहे ना, तिच्यात कांदा येतो, चांगला येतो. पुढचं मोठं शेत घेऊ नका. उन्हाळा आला की विहिरीचं पाणी मचूळ होतं, झाड धरत नाही. मी दोनदा बाग लावली, दोन्ही वेळा गेली. आणि वारं फार. पत्रे उडतात. बांधून ठेवले तरी उडतात.”

निम्मेसाहेबांचे डोळे चमकले. टी-शर्टच्या आतला जुना पाहणीसाहेब जागा झाला. त्यांनी काकूंना बाजूला घेतलं आणि हलक्या आवाजात उलगडून सांगितलं, की हा माणूस मोठं शेत स्वतःसाठी राखून ठेवू बघतोय. निम्मं धरायचं. पाणी निम्मं मचूळ म्हणजे जवळजवळ गोड. वारं निम्मं म्हणजे झुळूक. बाग दोनदा गेली म्हणजे एकदा गेली, तीही कदाचित राखण नीट केली नसेल म्हणून. सगळं शेत घ्यायचं, मोसंबी लावायची. हातातली सगळी पुंजी घालायची, पण संधी अशी पुन्हा येत नाही.

काकू दारात उभ्या होत्या. मघाशी बसमधून उतरल्यावर त्या चालत आल्या, अंगणातून थेट घरात गेल्या, मागच्या दाराने कांद्याच्या पट्टीत उतरल्या आणि परत आल्या होत्या. उतरल्या म्हणजे काय, दाराबाहेर पाय टाकला आणि खाली जमीन होती. त्यांनी तसं दोनदा करून बघितलं होतं. नवऱ्याचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“अहो, एक विचारू? माझ्या गुडघ्यांचं तुम्ही किती धरता?”

खोटं बोलायची साहेबांना सवय नव्हती, ती लोकांची होती.

“निम्मं,” ते म्हणाले.

“मला वाटलंच.” काकू चिडल्या नव्हत्या. “सगळी दुनिया तुम्हाला दुप्पट सांगायची, म्हणून तुमचं निम्मं बरोबर यायचं. मला दुप्पट सांगायला कधी जमलं नाही हो. जेवढं दुखायचं तेवढंच सांगत आले. निम्म्या दुखण्याचं मलम लावत बसले.”

मालक त्यांच्या बोलण्यात नको म्हणून कांद्याची पात निवडू लागला. साहेब अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिले. जळालेली दुकानं, बुडालेली गोदामं, सगळ्यांच्या तोंडचे आकडे त्यांनी आजवर बिनदिक्कत कापले होते, पण या घटकेला त्यांना एकही आकडा सुचेना. जिना चढताना काकू मधल्या मजल्यावर थांबायच्या आणि खिडकीतून बाहेर बघायच्या. त्यांना बाहेरची हवा आवडते, असं साहेबांना वाटायचं. त्या थांबण्याचं कारण त्यांना आज कळलं, आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

ते परत आले आणि मालकासमोर खुर्चीत बसले.

“तुम्ही जे सांगितलंत ते सगळं खरं आहे?”

“सगळं.”

“म्हणजे कांदा चांगला येतो, हेही खरं.”

“ते तर खरंच,” मालक म्हणाला. त्याला या माणसाचं काही कळेना.

साहेबांनी घर आणि घरापाठची पट्टी घेतली. मोठ्या शेताकडे त्यांनी शेवटचं बघून घेतलं. मोसंबीची बाग तिथल्या तिथे वाळली. महिनाअखेरीला नव्या जोडप्याच्या हातात किल्ल्या पडल्या, सेक्रेटरींना गाडीची जागा मिळाली आणि चौथ्या मजल्यावरून काकूंना खाली आणायला साहेब स्वतः, हात धरून, एकेक पायरी उतरत आले. मधल्या मजल्यावर दोघेही थांबले आणि खिडकीबाहेर बघत बसले. भूगोलाच्या मास्तरांना वाटलं काहीतरी विसरलं असावं, म्हणून ते मदतीला चार पायऱ्या वर चढून आले आणि हळूच परत गेले.

पुढे मालकाने सांगितलेलं सगळं तंतोतंत झालं. उन्हाळ्यात पाणी मचूळ झालं. पत्रे उडाले, बांधले, परत उडाले, आणि शेजारच्या शेतात जाऊन पडले. इतकं शब्दाला जागणारं नुकसान साहेबांनी नोकरीत कधी बघितलं नव्हतं. कांदा मात्र चांगला आला. काकू दिवसातून कितीतरी वेळा दार उघडून बाहेर येत, काम नसलं तरी. शेजारणींशी बोलायला आता ओरडावं लागत नसे, त्यामुळे त्यांच्या आयुष्यात पुन्हा थोडं गुपित राहू लागलं. त्या तिथे हसतात तशा त्यांना साहेबांनी बऱ्याच वर्षांत हसताना बघितलं नव्हतं.

गुडघे मात्र जमीन मिळाली म्हणून लगेच बरे होत नाहीत. साहेब त्यांना बाजाराच्या गावातल्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तरुण डॉक्टरांनी गुडघे दाबून बघितले आणि किती दुखतात, असं विचारलं. परक्या माणसासमोर कशाला रडगाणं, म्हणून काकू म्हणाल्या, “चालताना थोडे.”

साहेब खुर्चीतून पुढे सरकले.

“डॉक्टर, त्या सांगतायत त्याच्या दुप्पट लिहा.”

डॉक्टरांनी चष्म्यावरून बघितलं आणि हे कोण, असं काकूंना विचारलं. काकू काही बोलायच्या आत साहेबांनीच उत्तर दिलं.

“मी नवरा,” ते म्हणाले. “नुकसान माझ्या डोळ्यांसमोर झालंय.”

डॉक्टरांनी दुप्पट लिहिलं आणि मलमाची ट्यूब मोठी दिली.